टूना कधीच थांबत नाही, मग त्याला हा खर्च परवडतो कसा?

उधाण

परवा मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीसमोर जवळजवळ दोन तास उभा होतो. टाकीत यलोफिन टूना होते. बाकीचे मासे मध्येच थबकायचे, खडकाच्या आडोशाला जायचे, जागच्या जागी पर हलवत राहायचे. टूना एकदाही थांबला नाही. त्यातल्या एकाच्या पाठीवरच्या पहिल्या पराला बारीकशी खाच होती. त्याच्या फेऱ्या मोजायला लागलो, पण तो पर कधी दिसायचा, कधी नाहीसाच व्हायचा, त्यामुळे चाळीसच्या पुढे हिशेब चुकला. प्रत्येक फेरीत तोंड तेवढंच, जेमतेम बोट जाईल इतकं उघडं. ते मिटत नव्हतं. कल्ल्यांची झाकणंही इतर माशांसारखी उघडझाप करत नव्हती. अंग ताठ, आणि मागे चंद्रकोरीसारखी शेपूट तेवढी डावी-उजवीकडे.

कारण वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर ते वेगळंच भिडलं. बहुतेक मासे तोंड आणि कल्ल्यांची झाकणं आळीपाळीने हलवून पाणी आत ओढतात. टूनाने ही सोय जवळपास सोडून दिली आहे. तो तोंड उघडं ठेवून पुढे जातो आणि पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहतं. थांबला तर गुदमरतो. शिवाय स्किपजॅक जातीच्या टूनाला वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) नाही, म्हणजे तो पाण्यापेक्षा जड आहे. थांबला तर बुडतोही. छातीचे पर विमानाच्या पंखासारखे ताणून धरायचे आणि सेकंदाला निदान स्वतःच्या लांबीएवढं अंतर कापत राहायचं, दिवसरात्र, मरेपर्यंत.

वेगवान माशांचा विषय निघाला की सगळे ‘ताशी किती’ विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. क्षणभराचा वेग उधारीवर काढता येतो. न थांबणं मात्र रोखीने, प्रत्येक सेकंदाला चुकवावं लागतं.

आणि हा मासा मुळातच खर्चिक आहे. होनोलुलूच्या प्रयोगशाळेत रिचर्ड ब्रिल यांनी टूनांना स्नायू शिथिल करणारं औषध देऊन, तोंडातून पाण्याचा प्रवाह सोडून, ते पोहत नसताना किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. नुसतं जिवंत राहण्याचा खर्चच इतर सक्रिय माशांच्या दुप्पट-तिप्पट निघाला. पोहण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. कल्ल्यांचा पृष्ठभाग ट्राउटच्या सात ते नऊ पट, हृदय मोठं, रक्त घट्ट. मोठ्या आणि पातळ कल्ल्यांतून प्राणवायू भरपूर येतो, पण त्याच वाटेने समुद्राचं मीठही आत शिरतं. ते बाहेर टाकत बसणं हा आणखी एक कायमचा खर्च.

हे सगळं कशासाठी? यावर इथे बोलावं असं वाटलं म्हणून धागा काढला.

काठावरची

उधाण, सुंदर लिहिलंय. तोंड न मिटण्याचं वाचून अंगावर काटा आला.

एक शंका. टूनाचं अंग गरम असतं असं ऐकलं आहे. शाळेत तर मासे थंड रक्ताचे असं शिकलो. मग खरं काय?

उधाण

काठावरची, दोन्ही खरं आहे, फक्त शाळेतलं वाक्य अपुरं आहे. जॉन डेव्ही (रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींचे भाऊ) यांनी ताज्या पकडलेल्या टूनाच्या अंगात तापमापक घालून बघितला होता. मासा आजूबाजूच्या पाण्याहून सुमारे 10 अंश सेल्सिअसने गरम निघाला. हे त्यांनी 1835 मध्ये मांडलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं ही नोंद एक नवल म्हणून पडून होती. 1966 मध्ये वुड्स होल या अमेरिकेतल्या समुद्रसंशोधन संस्थेच्या फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी त्यामागची यंत्रणा उलगडली. नंतर त्यांनी ब्लूफिन टूनाच्या बाबतीत दाखवलं की पाणी 10 अंशांपासून 30 अंशांपर्यंत कितीही असलं, तरी माशाच्या आतल्या सर्वांत गरम स्नायूचं तापमान पाचेक अंशांच्या आतच हलतं.

गणिती

ही गोष्ट किती अवघड आहे हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

20 अंशांच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 5 मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. (एक लिटर हवेत 210 मिलिलिटर असतो. म्हणजे पाण्यात श्वास घेणं हा चाळीसपट गरिबीतला संसार आहे.) शरीरात 1 मिलिलिटर प्राणवायू जाळला की सुमारे 20 जूल ऊर्जा मिळते. म्हणजे एका लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू जरी काढून घेतला, तरी हाती येतात 100 जूल.

आता तेच एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागतात सुमारे 4000 जूल. भागाकार करा: 100 भागिले 4000 म्हणजे 0.025 अंश.

माशाने पाण्यातला कणन् कण प्राणवायू वापरला आणि त्याची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली, तरी श्वासाचं ते पाणी अंशाच्या चाळिसाव्या भागाने तापेल. प्रत्यक्षात सगळा प्राणवायू कोणालाच मिळत नाही. टूना निम्म्याच्या आसपास काढतो आणि माशांमध्ये तेवढंही फार मानलं जातं. त्यात कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. प्राणवायू रक्तात मिसळायच्या आधी उष्णता पाण्यात निघून जाते. तेव्हा नुसतं ‘चयापचय वाढवला म्हणून गरम झाला’ हे उत्तर होऊच शकत नाही. चयापचय कितीही वाढवा, कल्ल्यांपाशी सगळी ऊब धुऊन जाणार.

गरम राहायचं तर एकच मार्ग उरतो: उष्णता कल्ल्यांपर्यंत पोहोचूच द्यायची नाही.

शिंपला

गणिती, चाळिसाव्या भागाचा हिशेब वहीत उतरवून घेतला. आजवर कुणी असा सांगितला नव्हता.

उधाण

गणितींनी नेमकं बोट ठेवलं. ती अडवणूक करणाऱ्या रचनेचं लॅटिन नावच ‘रेटे मिराबिले’ आहे, म्हणजे अद्भुत जाळं. केसासारख्या बारीक धमन्या आणि शिरा, एकीला एक खेटून, शेकडोंनी. एकीतून कल्ल्यांकडचं गार रक्त आत येतंय, शेजारणीतून स्नायूत तापलेलं रक्त बाहेर चाललंय. दोघींची दिशा उलट. बाहेर जाणारं रक्त वाटेत आपली ऊब शेजारणीला देत देत जातं, आणि कल्ल्यांशी पोहोचेपर्यंत ते जवळजवळ पाण्याइतकंच गार झालेलं असतं. पाण्याला द्यायला त्याच्याकडे काही उरतच नाही. आत येणारं रक्त मात्र स्नायूपाशी तापूनच पोहोचतं.

दिशा उलट असणं इथे फार महत्त्वाचं आहे. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले असते तर दोघांचं तापमान मध्यावर येऊन थांबलं असतं आणि निम्मी उष्णता हातची गेली असती. उलट्या प्रवाहात वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर बाहेर जाणारं रक्त आत येणाऱ्यापेक्षा किंचित गरमच राहतं, म्हणून देवाणघेवाण शेवटपर्यंत चालू राहते.

टूनाचा आडवा काप कधी नीट पाहिलात तर हे सगळं मांडून ठेवलेलं दिसेल. बांगड्यासारख्या माशात तांबडा स्नायू कातडीच्या लगेच खाली, दोन्ही कुशींना पट्टीसारखा असतो. टूनात तो आत सरकलेला असतो, कण्याच्या दोन्ही बाजूंना गडद, जवळजवळ काळपट तांबड्या पाचरी. बाहेरचं फिकट मांस म्हणजे पांढरा स्नायू. सतत पोहण्याचं काम हा तांबडा स्नायू करतो. त्यात मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारं तांबडं प्रथिन, ठासून भरलेलं असतं, म्हणून तो रंग. भट्टी घराच्या मध्यभागी आणि भोवती जाड भिंत, अशी ही बांधणी. ब्लूफिनमध्ये तर रक्तही मधल्या मोठ्या धमनीतून न येता मुख्यतः कातडीखालून जाणाऱ्या नळ्यांतून येतं आणि कडेकडून आत शिरतं, म्हणजे गार बाजू बाहेर आणि गरम बाजू आत.

एक बारीक गोष्ट मला विशेष वाटते. साधारणपणे रक्त तापलं की हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड सुटते. जाळ्यातून जाताना आत येणारं रक्त काही अंशांनी तापतं, तेव्हा त्यातला प्राणवायू वाटेतच सुटून शेजारच्या शिरेत जाण्याचा धोका होता. ब्लूफिनच्या हिमोग्लोबिनची पकड तापमानाने जवळपास बदलतच नाही. जाळं असूनही ही तजवीज नसती तर अर्धा उपयोग गेला असता.

शिंपला

विषय थोडा वेगाकडे नेतो. सेलफिश ताशी 110 किलोमीटर पोहतो असं सगळीकडे छापलेलं असतं. धाग्यात टूनाचंच कौतुक चाललंय, पण खरा वेगवान मासा तो ना? त्याचा ऊर्जेचा हिशेब कसा बसतो?

पाणबुडी

शिंपला, तो आकडा आता सोडून द्यायला हवा. मी वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

110 चा उगम फ्लोरिडातल्या मासेमारीच्या एका तळावर आहे. गळाला लागलेल्या सेलफिशने तीन सेकंदांत 100 यार्ड, म्हणजे 91 मीटर दोर ओढून नेला असं सांगितलं गेलं. भागाकार केला की सेकंदाला 30 मीटर, ताशी 109 किलोमीटर. पण रिळावरून सुटलेला दोर म्हणजे माशाचं पोहणं नव्हे. मासा उड्या मारत असतो, दोर पाण्यात बाक घेतो, होडी हलत असते, आणि तीन सेकंद मोजण्यात अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते.

यलोफिन आणि वाहू यांचे ताशी 75 च्या आसपासचे आकडेही 1964 च्या एका मोजणीतले, तेही गळाला लागलेल्या माशांनी दोर ओढण्याच्या वेगावरून काढलेले.

2016 मध्ये संशोधकांनी वेगळी वाट धरली. शेपटीचा एक फटका मारायला दोन्ही कुशींचे स्नायू एकदा एकदा आकसावे लागतात. तेव्हा स्नायू कमीत कमी किती वेळात आकसतो ते मोजलं की शेपूट सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा हलेल ते कळतं, आणि एका फटक्यात मासा किती पुढे जातो त्याने गुणलं की कमाल वेग. सेलफिशचा निघाला सेकंदाला 8.3 मीटर, म्हणजे ताशी 30 किलोमीटर. बाराकुडाचा 6.2 मीटर, लहान टूनाचा 5.6, डोराडोचा 4.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे. सेकंदाला 10 ते 15 मीटरच्या पुढे शेपटीच्या कडेला पाण्याचा दाब इतका पडतो की वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते फुटताना झिजवतात, इजा करतात. जहाजाच्या पंख्यांची पाती याच कारणाने खड्डे पडून खराब होतात. हाडामांसाच्या शेपटीला ते सोसणार नाही.

आणि तुमचा ऊर्जेचा प्रश्न. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. ताशी 30 ऐवजी 110 म्हणजे 3.67 पट वेग, त्याचा घन सुमारे 49. पन्नासपट शक्ती! तेवढा स्नायू त्या शरीरात मावणारच नाही.

शिंपला

हे पटलं. दोराचा वेग आणि माशाचा वेग यातला फरक डोक्यातच आला नव्हता. मुलांना मीच 110 सांगत आलोय, आज दुरुस्त करतो.

काठावरची

मग झडप घालतानाची ताकद येते कुठून? तांबडा स्नायू तर संथ, सतत चालणारा आहे.

उधाण

पांढऱ्या स्नायूतून. माशाच्या अंगाचा मोठा भाग तोच. तो प्राणवायूची वाट बघत नाही, साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) प्राणवायूशिवाय मोडून झटक्यात ऊर्जा काढतो. हीच ती उधारी. मागे लॅक्टेट हा त्या मोडण्यातून उरणारा पदार्थ साचतो, आणि स्किपजॅकच्या पांढऱ्या स्नायूत तो इतका साचतो की प्राणिजगातल्या सर्वाधिक नोंदींमध्ये त्याची गणना होते.

पण टूनाचं वैशिष्ट्य उधारी काढण्यात नाही, फेडण्यात आहे. बऱ्याच माशांना दमछाक झाल्यावर लॅक्टेट निपटायला 12 ते 24 तास लागतात. स्किपजॅक दोनेक तासांत मोकळा होतो. म्हणजे पुढचा लहान माशांचा थवा दिसला की हा पुन्हा तयार. मोठे कल्ले, मोठं हृदय, गरम स्नायू यांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. उघड्या समुद्रात खाणं मैलोन् मैल नसतं आणि मग अचानक एका जागी ढिगाने असतं. तिथे एकदा झडप घालून दिवसभर धापा टाकणाऱ्याचा निभाव लागत नाही.

निळीशाई

ऊब फक्त पोहण्याच्या स्नायूसाठीच नसते, हेही यायला हवं. स्वोर्डफिश आणि मार्लिन यांचं अंग टूनासारखं गरम नसतं. त्यांनी डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूचीच शेगडी केली आहे! केरींनी 1982 मध्ये स्वोर्डफिशच्या मेंदूजवळचा हा तापक दाखवला आणि बार्बरा ब्लॉक यांनी पुढे त्याचं काम उलगडलं. त्या स्नायूत आकसणारे धागे जवळपास उरलेलेच नाहीत. पेशीत कॅल्शियम सोडायचं, पुन्हा आत ओढायचं, एवढंच चालू असतं आणि त्यातून नुसती उष्णता निघते. खोल, गार, अंधाऱ्या पाण्यात डोळा गरम असला की हालचाल लवकर टिपता येते. स्वोर्डफिशच्या डोळ्यावरच्या प्रयोगात हा फरक दहापटींहून अधिक आढळला. पळणारा स्क्विड धूसर रेघ म्हणून दिसणं आणि स्क्विड म्हणूनच दिसणं, एवढं अंतर आहे हे.

आणि ओपाह! ताटासारखा गोल, तांबूस मासा. 2015 मध्ये निकोलस वेग्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की याचं अद्भुत जाळं थेट कल्ल्यांतच आहे. त्यामुळे हृदयासकट जवळजवळ सगळं शरीर पाण्याहून पाचेक अंशांनी गरम राहतं. टूनाला हे जमलेलं नाही. त्याचं हृदय जाळ्याच्या अलीकडे, गार बाजूला पडतं. स्नायू गरम, पण त्यांना रक्त पुरवणारं हृदय समुद्राच्या तापमानावर. खोल बुडी मारली की ते मंदावतं.

पाणबुडी

निळीशाईंच्या मुद्द्याला जोडून बिगआय टूना. दिवसा तो 300-500 मीटर खोल, 10 अंशांखालच्या पाण्यात खातो आणि मधूनमधून वर येतो. खाली असताना जाळं ऊब धरून ठेवतं. वर गरम पाण्यात आला की तो ही अडवणूक जवळपास बंद करतो आणि झपाट्याने तापतो. ऊब केव्हा धरायची आणि केव्हा वाट मोकळी करायची हे त्याच्या हातात आहे.

गणिती

माझा मूळ आक्षेप अजून शिल्लक आहे. दहा अंशांनी तापमान वाढलं की शरीरातल्या क्रियांचा वेग, म्हणजे खर्चही, साधारण दुप्पट होतो. मग गरम राहून नेमकं कमावलं काय? गार पाण्यात जाता येतं हे, की वेग?

उधाण

यावर अजून वाद आहे आणि तो मला फार आवडतो. जुना समज असा की गरम स्नायूमुळे या माशांना थंड समुद्र खुला झाला. 2015 च्या एका अभ्यासात यंत्रं लावलेल्या माशांची तुलना केली. अंग गरम राखणारे मासे त्याच आकाराच्या इतर माशांपेक्षा संथ पोहण्यातही 2.7 पट वेगवान निघाले आणि त्यांचं स्थलांतरही जास्त लांबचं. 2021 च्या दुसऱ्या अभ्यासात वेगाचा फायदा 1.6 पट निघाला, पण तापमानाचा पल्ला मात्र इतर माशांहून रुंद आढळला नाही.

मला वेगाची बाजू अधिक पटते. टूना आणि माको-ग्रेट व्हाइट या शार्कांचे पूर्वज 40 कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले. तरी दोघांत तेच: आत सरकलेला तांबडा स्नायू, तेच उलट्या प्रवाहाचं जाळं, ताठ अंग, चंद्रकोरी शेपूट. दोन अनोळखी घरांनी एकच नकाशा काढावा, यामागे मोठी कमाई असणारच. दिवसाला जास्त समुद्र पालथा घालता येणं, म्हणजे जास्त वेळा खाणं सापडणं, ही ती कमाई असावी.

विरुद्ध टोकाला ग्रीनलँड शार्क बघा. बर्फाळ पाण्यात सेकंदाला 0.34 मीटर, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याहूनही कमी. खर्च इतका थोडा की तो शतकानुशतकं जगतो. दोन्ही हिशेब जुळतात, फक्त खातेवह्या वेगळ्या.

निळीशाई

खाण्याच्या बाजूनेही खर्च कळतो. पिंजऱ्यात वाढवलेल्या ब्लूफिनचं वजन एक किलोने वाढायला 10 ते 20 किलो मासे घालावे लागतात. सामनला कोरडं खाद्य सव्वा किलोच्या आसपास पुरतं. कोरडं आणि ओलं खाणं सरळ तोलता येत नाही, तरीही अंतर मोठंच आहे. ब्लूफिनच्या पोटातही जाळं असतं. जेवण पचताना पोट कित्येक अंशांनी तापतं. तापमान नोंदवणारं यंत्र पोटात ठेवलं तर गार मासा गिळताच रेघ खाली जाते आणि मग तासन् तास वर चढत राहते. त्या चढावरून त्याने कधी आणि साधारण किती खाल्लं ते ओळखता येतं.

पाणबुडी

आणि या खर्चाच्या जोरावर काळजीही येते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात कमी प्राणवायूचा थर वर सरकतोय. 2012 च्या अभ्यासानुसार 1960 ते 2010 या काळात तिथल्या मोठ्या माशांना वावरायला मिळणारं पाणी 15 टक्क्यांनी घटलं. वरच्या पातळ थरात ते दाटले की मासेमारीच्या जाळ्यांनाही सहज सापडतात. कमी खर्चात भागवणं त्यांना येत नाही, त्यामुळे जागा आकसली की ते सगळ्यांत आधी अडचणीत येतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

काठावरची

पिल्लं जन्मापासून गरम असतात का?

उधाण

नाही. इवल्याशा शरीरात ऊब टिकत नाही. काळ्या स्किपजॅकवरच्या कामात सुमारे 20 सेंटिमीटर लांबीपासून स्नायू पाण्याहून गरम राहू लागतो असं दिसलं. त्याआधी ती इतर माशांसारखीच.

आणि माझ्याच पहिल्या पोस्टमधलं एक कोडं सुटलं. खाच असलेला पर मध्येच दिसेनासा का व्हायचा? काल पुन्हा जाऊन नीट पाहिलं. टूनाच्या पाठीत एक खोबण असते. सरळ पोहताना पहिला पर तिच्यात पूर्ण मिटून बसतो आणि पाठ गुळगुळीत होते, पाण्याला अडायला काही राहत नाही. वळणाशी आला की तो उभा राहतो. त्यामागचा दुसरा पर मिटत नाही, पण 2017 मध्ये कळलं की तोही कमीजास्त ताठ होतो, आणि तेही लसिकेच्या (शरीरात रक्ताबरोबर फिरणाऱ्या पातळ द्रवाच्या) दाबाने. मी टाकीच्या कोपऱ्यापाशी उभा राहिलो, तिथे सगळे वळतात. खाच असलेला पर दर फेरीला माझ्यासमोर उभा राहायचा आणि वळण संपताच मिटायचा. या खेपेला एकही फेरी चुकली नाही.